उपटलेली एकतीस झाडं

९ सप्टेंबर

बारके,

हे पत्र माझंच आहे. पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घातल्या असशील, तर त्या तशाच ठेव आणि पुढे वाच. नऊ वर्षांनी लिहिते आहे. फोनच करणार होते, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतेस, असं दोनदा झालेलं आहे. पत्र फाडून टाकायला निदान केराच्या टोपलीपर्यंत जावं लागतं, आणि तुला बसल्या जागेवरून उठायचा लहानपणापासून कंटाळा.

कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? जावईबापू अजून त्याच दवाखान्यात गोळ्यांच्या पुड्या बांधतात का? तुला मुख्याध्यापिका केल्याचं कुणाकडून तरी कळलं. मला फार आनंद झाला आणि बाकीच्या शिक्षकांची थोडी दयाही आली.

माझं बरं चाललंय. संशोधन केंद्रातलं हे माझं शेवटचं वर्ष, एकतीस मेला निवृत्त होईन. मी इथे आले तेव्हा शेतीवर संशोधन करणारी बाई हा प्रकार कुणी पाहिलेलाच नव्हता. पहिल्या दिवशी साहेबांनी मला टाइपरायटर दाखवला. मी म्हटलं, "छान आहे, पण माझे वाफे कुठे आहेत?" आताचे साहेब माझेच विद्यार्थी. मी खोलीत शिरले की अजूनही खुर्चीतून अर्धे उठतात. मी तयार केलेला एकशे चौदा नंबरचा वाटाणा तुला आठवत असेल. तू म्हणायचीस, ताईला एकच मूल झालं, तेही शेंगेत. त्या मुलाची तब्येत सध्या जरा नरम आहे, पण काळजीचं काही नाही.

बरं, सहज आठवलं म्हणून विचारते. आईचा तो कुंपणावरचा जांभळ्या फुलांचा वाटाणा, त्यातलं काही शिल्लक आहे का? असेल तर मूठभर बी पाठव. नसेल तर राहू दे. घाई अजिबात नाही, फक्त लवकर कळव.

तुझी ताई


२८ सप्टेंबर

मुख्याध्यापिका बाई,

माझंच पत्र मला परत मिळालं, लाल शाईने तपासलेलं. 'दहापैकी दोन. विषय सोडून लिहिले आहे.' ते दोन तरी कशाचे दिलेस? मी एकोणसाठ वर्षांची आहे, तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि माझे लेख कुठल्या कुठल्या देशांत वाचले जातात. तणतणत जाऊन मी ते पत्र मुकादमांना दाखवलं. आमच्या शेतावरच्या माणसांचे ते प्रमुख, सव्वीस वर्षं माझ्या बरोबरीने वाफ्यांत वाकत आलेले. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही बाजू वाचल्या आणि म्हणाले, "बाई, दोनसुद्धा सढळ हाताने दिलेत."

तर आता विषयावर येते.

आई गेली त्यानंतरच्या जानेवारीत मी तुझ्याकडे आठ दिवस राहायला आले होते. सकाळी तू शाळेत गेलीस आणि मी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात गेले. कुंपणाला तू आईचा वाटाणा लावला होतास. काही झाडांना पांढरी फुलं, काहींना जांभळी, सगळी सरमिसळ. आता तू हे समजून घे की शुद्ध बियाण्याच्या शेतात वेगळं दिसणारं झाड म्हणजे भेसळ. भेसळ दिसली की ती मुळासकट उपटायची, नाहीतर पुढच्या वर्षीचं बी बिघडतं. मी तेव्हा पंचवीस वर्षं हेच करत होते. त्याची हाताला सवय लागते गं. दातांच्या डॉक्टरांच्या दारातल्या कुंडीतलं झाड मी उपटलेलं आहे. एकदा सार्वजनिक बागेतून रखवालदाराने मला दंडाला धरून बाहेर काढलं होतं. वेगळं काही दिसलं की हात शिवशिवतात आणि विचार मागाहून येतो. तसाच तुझ्या अंगणात मी कप खाली ठेवला आणि चार-पाच जांभळी झाडं उपटली. नीट रचूनही ठेवली. एवढंच झालं.

आता तब्येत नरम असण्याचं खरं सांगते. एकशे चौदा मरतो आहे. नव्या जातीचा मर रोग आला आहे. मातीतली बुरशी मुळातून आत शिरते, आठ दिवसांत झाड पिवळं पडतं आणि मान टाकतं. या सबंध भागात तीनपैकी दोन शेतांत एकशे चौदाच पेरलेला असतो, म्हणजे बघ. आमच्या थंड खोलीत सहाशे प्रकारच्या वाटाण्याचं बी आहे. ते सगळं मी या रोगापुढे उभं करून पाहिलं, एकही टिकला नाही. मग जुनी टिपणं उकरताना माझ्याच हातची एक ओळ सापडली, नोकरीच्या पहिल्या वर्षातली. 'आईच्या परसातला जांभळा. मर नाही.' त्याच्यापुढे शेराही माझाच: 'दाणा बारीक, कामाचा नाही.'

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवी. त्यानंतर पेरलं तर झाडं उन्हात सापडतील, आणि पुढच्या हंगामाला मी इथे नसेन. म्हणून विचारलं होतं. आता देशील का?

ताई (चिडलेली नाही)


१६ ऑक्टोबर

बारके,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. 'झाडं एकतीस होती, मी मोजली आहेत. मला शास्त्र नको. मी शाळेतून आल्यावर काय झालं ते लिही. मग बी पाठवते.'

एकतीस तर एकतीस. मी वाद घालत नाही.

त्याच दिवशी जावईबापूंचंही कार्ड आलं. लिहितात, 'ताई, ती तुमची पत्रं साखरेच्या डब्याखाली ठेवते आणि रोज काढून वाचते. मी कळवलं हे तिला सांगू नका.' मी अजिबात सांगणार नव्हते, पण माझ्या जिभेला हाड नाही हे त्यांना लग्नापासून माहीत आहे. त्यांना रागावू नकोस.

मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठून वाफ्याकडे गेले. मुकादम म्हणाले, "एवढ्या चकरा मारू नका बाई, अजून काही पेरलेलं नाही." आता दार लावून बसले आहे.

तू पाच वाजता आलीस. काखेत वह्यांचा गठ्ठा होता. मी हौसेने तुझा हात धरून तुला मागे नेलं आणि म्हटलं, "बघ, सगळं शुद्ध करून ठेवलंय." तुझ्या वह्या खाली पडल्या. आईने स्वतः निवडून पुडीत बांधलेलं ते शेवटचं बी होतं, आणि ते मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी तूच सांगितलं होतंस. शाळेच्या चांगल्या कपड्यांत तशीच मातीत बसलीस आणि एकेक झाड परत लावायला लागलीस. दिवसभर उन्हात पडून ती मऊ झाली होती. तू बोटाने खड्डा करायचीस, झाड उभं करायचीस आणि ते आडवं व्हायचं. तू परत उभं करायचीस.

मग मी चहा टाकायला आत गेले.

झालं लिहून. आता बी पाठव.

ताई


२ नोव्हेंबर

बारके, माझे बाई,

खडूची पेटी मिळाली! पोस्टातून आल्या आल्या टेबलावरचे सगळे कागद बाजूला सारून उघडली. कापसात बासष्ट दाणे, आणि तुझी चिठ्ठी. 'तू चहा टाकायला गेली नव्हतीस. पण बी थांबणार नाही. मी थांबेन.'

आधी चिठ्ठी वाचली आणि मग दाणे मोजले असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू, आधी दाणे मोजले. मग चिठ्ठी वाचली आणि मग पुन्हा दाणे मोजायला घेतले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

मुकादमांनी एक दाणा तळहातावर घेतला. करडा, ठिपक्यांचा, सुरकुतलेला. म्हणाले, "बाई, असला माल तर आपण चाळणीखाली सोडून देतो." मी म्हटलं, "तेच तर केलं आयुष्यभर." त्यांनी तो दाणा इतक्या जपून परत ठेवला की मला हसू आलं.

जावईबापूंनी या खेपेला लांबलचक पत्र लिहिलं आहे. (पुन्हा सांगितलंच मी.) एकतीसपैकी तीस झाडं आठवड्यात वाळली म्हणे. न्हाणीच्या भिंतीलगत लावलेलं एक तेवढं तगलं. तू त्याला सकाळ-संध्याकाळ वाटीने पाणी घातलंस. दुपारच्या उन्हात त्याच्यावर स्वतःची छत्री उघडून ठेवायचीस आणि शाळेत तशीच जायचीस. त्याला दोन शेंगा लागल्या, त्यांत नऊ दाणे. त्या नऊ दाण्यांपासून तू दरवर्षी पेरत आलीस. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी तर तिसऱ्याच दिवशी सकाळच्या बसने निघून गेले होते, तुझा राग आपोआप निवळेल म्हणून.

काल पेरणी झाली. बावीस दाणे चांगल्या मातीत टाकले, बी वाढवायला. उरलेले चाळीस रोगी वाफ्यात. आम्ही शेताचा एक तुकडा मुद्दाम आजारी ठेवतो, मरून पडलेली झाडं त्यातच गाडतो. तिथे जे जगेल ते कुणाच्याही शेतात जगेल. तुझ्या ओळींच्या मध्ये एकेक ओळ एकशे चौदाची पेरली आहे, म्हणजे रोग खरंच आहे की नाही ते कळतं. साहेब विचारत होते, "मॅडम, इतकं मोलाचं बी या मातीत टाकायचं? धीर होतो तुमचा?" मला धीर होत नव्हता. तरी पेरलं.

हो, मी चहा टाकायला गेले नव्हते. आज एवढंच लिहवतं आहे.

ताई


२० जानेवारी

बारके! अगं बारके!

उभी आहेत! चाळीसपैकी एकोणचाळीस उगवली होती, ती एकोणचाळीसही उभी आहेत!

एकशे चौदाच्या ओळी डिसेंबरातच पिवळ्या पडायला लागल्या. आधी कडेची, मग मधल्या, आणि परवापर्यंत सगळ्या जमिनीला टेकल्या. बावीस वर्षं मी त्याच्या जिवावर मिरवले, तेव्हा थोडं रडले त्याच्यासाठी. पण रडता रडता मान वर केली तर मधेमधे तुझ्या ओळी. कमरेएवढ्या उंच, जांभळ्या फुलांनी भरलेल्या, जणू काही झालंच नाही. मी एक झाड उकरून मूळ उभं चिरून पाहिलं. आतून पांढरंशुभ्र, बुरशीचा मागमूस नाही. एवढंच एक उपटलं हो, तेही मुकादमांची परवानगी घेऊन. त्यांनी वाफ्याच्या तोंडाशी पाटी लावली आहे, 'बाईंना एकटं आत सोडू नये.'

मग मी नाचले. बांधावर, गमबूट घालून. साहेब फाइल हातात घेऊन धावत आले, त्यांना वाटलं मला काहीतरी चावलं. मुकादम म्हणाले, "चावलं नाही साहेब, लागलं. वाटाणा लागला." हिशेबनीस, गाडीवाला, प्रयोगशाळेतल्या दोघी, सगळे आले आणि रोगी वाफ्याभोवती उभे राहून आम्ही चहा प्यायलो. मी इथे आल्यापासून त्या वाफ्याकडे कुणी आनंदाने बघितलं नव्हतं.

आता खरं काम. रोज सकाळी उमलायच्या आदल्या दिवसाची कळी धरायची, चिमट्याने आतले दहाच्या दहा पुंकेसर काढायचे, आणि तिथे दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. दाणा एकशे चौदासारखा टपोरा आणि गोड हवा, मूळ आईच्या वाटाण्याचं हवं. चार-पाच वर्षं लागतील. साहेबांनी लिहून दिलंय की निवृत्तीनंतरही वाफा माझा आणि चिमटाही माझा. माझा हात अजून थरथरत नाही. काल एका दिवसात सव्वीस कळ्या केल्या.

आता ते लिहिते.

तू मातीत बसून झाडं उभी करत होतीस आणि मी तिथेच होते, तुझ्या मागे. आणि मी हसले. गालात नव्हे, मोठ्याने. वर म्हणाले, "अगं वेडे, उपटलेलं झाड कधी लागतं का?" तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. तुझ्या गालावर माती होती. त्या वेळी मला ते दिसलं आणि तरी मी हसायची थांबले नाही, कारण थांबले असते तर आपण काय करून बसलो ते मला कळलं असतं. झाडांचं तू कधीच माफ केलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझी सवय तू लहानपणापासून बघत आली आहेस. नऊ वर्षं तू त्या हसण्यामुळे बोलली नाहीस आणि नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की बारकी झाडांवरून रुसली.

हे पत्र टाकून येते, नाहीतर फाडीन.

ताई


१४ मार्च
दुपारचे साडेचार, तुझ्या शाळेसमोरचा बसथांबा

बारके,

तुझं उत्तर आलं नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. जावईबापूंचंही कार्ड नाही. म्हणजे तू त्यांनाही दम भरलास, किंवा मग खरोखरच सगळं संपलं. शेंगा भरत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी जेवायचं विसरायला लागले तेव्हा मुकादम घरून डबा आणून माझ्यासमोर बसायला लागले.

काल केंद्रावर शिवारफेरी होती, म्हणजे शेतकऱ्यांना बोलावून वाफे दाखवायचा दिवस. तीनशे माणसं आली होती. एकशे चौदाचं आता काय होणार हेच सगळ्यांच्या तोंडी. साहेबांनी माझी ओळख करून दिली. या क्षेत्रातली पहिली बाई, अमुक पुरस्कार, तमुक पुरस्कार. मी सगळ्यांना घेऊन रोगी वाफ्यापाशी गेले आणि भाषण करायला उभी राहिले. कागद खिशातच राहिला. मी म्हटलं, "ही झाडं मी शोधलेली नाहीत. मी ही उपटून टाकली होती. माझ्या धाकट्या बहिणीने ती मातीत बसून परत लावली. ती लावत होती तेव्हा मी तिला हसले होते."

साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. मग पुढच्या रांगेतून एक म्हातारी शेतकरीण म्हणाली, "मग तिची माफी मागितलीत का?"

मी म्हटलं, "सगळं लिहून कळवलंय."

"लिहून?"

"हो."

"राहते कुठे ती?"

"बसने पाच तास."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

तीनशे माणसं हसली गं. मीही हसले, आणि डोळ्यांना पाणी आलं. मुकादमांनी माझ्या हातातून शेंगांची टोपली काढून घेतली आणि म्हणाले, "वाफ्यांचं मी बघतो बाई. सकाळची पहिली बस सव्वासातला आहे."

पहाटे कपडे तेवढे बदलले आणि घाईत जे दाराशी सापडलं ते पायांत घातलं. बसमध्ये लोक माझ्या पायांकडे बघत होते तेव्हा लक्षात आलं, गमबूट आहेत. चिखलाचे. मी वाटेत मोडलेल्या बसमधून उतरून दुसऱ्या बसमध्ये चढले तीही याच अवतारात. एक बाई तर मला विचारत होती, "तुमच्याकडे पूर आलाय का?"

दोन तास झाले, मी या बाकावर बसून लिहिते आहे. आत यायचा धीर झाला नाही. तुझी शिपाईण दोनदा येऊन विचारून गेली, कुणाला भेटायचंय. मी म्हटलं, शाळा सुटल्यावर सांगते. हे पत्र मी टाकणार नाही. तू रस्त्यावर मला ओळख दाखवली नाहीस तर तुझ्या हातात देईन आणि परतीच्या बसला जाऊन बसेन. म्हणून इथे लिहून ठेवते: माझं चुकलं, बारके. झाडं उपटली ते चुकलं, हसले ते त्याहून चुकलं, आणि तिसऱ्या दिवशी निघून गेले ते सगळ्यात जास्त चुकलं. तुझ्याशिवाय नऊ वर्षं मला बरी गेली नाहीत. मोठी बातमी झाली की ती आधी कुणाला सांगू, हेच कळायचं नाही.

घंटा झाली. मुली बाहेर पडताहेत, सायकली, दप्तरं, कलकलाट. आता शिक्षक. एक, दोन, ती नव्हे.

आलीस. केस पांढरे झाले गं तुझे. काखेत वह्यांचा गठ्ठा. फाटकाशी थांबलीस, शिपाईण माझ्याकडे बोट दाखवते आहे. तू इकडे बघते आहेस. चष्मा वर केलास. आता माझ्या पायांकडे बघते आहेस, गमबुटांकडे.

तू हसते आहेस. बारके, तू मोठ्याने हसते आहेस, रस्त्याच्या या बाजूला ऐकू येतंय. मुली वळून बघताहेत. हस. हस बाई, पोट दुखेपर्यंत हस, मी रस्ता ओलांडून येते आहे